राखणदाराचा पगार

सांगतो गे, सांगतो — पण आधी तू मला एवढं सांग, दर खेपेला मलाच का हे सांगायला लावता तुम्ही? एक्केचाळीस बंगले आहेत ह्या सुरूवाड्यात, एक्केचाळीस, आणि वाड्याची माहिती विचारायला येता कुणाकडे, तर ह्या गोकुळदासाच्या सोप्यावर, ज्याची शाळा दुसरीत सुटली. होय, होय, तू गेटांवरच्या घंटा दाबल्यास, ते मी इथून बघत होतो — सात गेटं केलीस, सातही ठिकाणी भिंतीतल्या पेटीतून कोणतरी काहीतरी बोललं आणि तू तोंड उघडायच्या आत पेटी बंद. मग आठव्या खेपेला तुला हे कौलांचं घर दिसलं, ज्याला गेट नाही. गेट नसलेल्या माणसाकडे सगळेच येतात — पंचायतवाले, मीटरवाले, मतं मागणारे, आता तुम्ही. बस. त्या कदेलावर बस, खुर्ची मोडकी नाही, नुसती डुलते. पाणी घे, बाटलीतलं आहे. विहिरीचं मी आता कुणाला देत नाही, मचूळ झालंय, चहात दूध घातलं की फाटतं. आणि ते तुझं काचेचं पाटीसारखं यंत्र मांडीवर ठेव आणि ऐक — नाव काय म्हणालीस? सेजल. कुठली? मुळगावची? अगे मग माझी लेक तिथंच दिलीय, गौरवी, देवळामागच्या वाड्यावर. माझी बायको शेवंतीही दीड वर्ष झालं तिथंच आहे, लेकीकडे. नाही, भांडून नाही गेली. भांडायला तरी घरात पाणी लागतं — म्हणजे — ते राहू दे, ते तुझ्या प्रश्नांत नाही.

हे बघ, आपण दोघं एक व्यवहार करू. तुला तुझ्या कंपनीनं सांगितलंय, सुरूवाड्यात कोण राहतात, किती वयाचे, कुठून आले, काय खातात, किती गाड्या, किती कुत्रे, हे सगळं लिहून आण, म्हणजे उद्या इथं बंगला घेणारे ते वाचतील आणि ठरवतील, की शेजारी आपल्यासारखीच माणसं आहेत ना. बरोबर? मी सगळं सांगतो. कुठल्या घरात कोण किती वाजता उठतं ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक नसेल एवढं मला आहे, कारण मला दुसरं काम नाही. त्याच्या बदल्यात तू माझं एक काम करायचं. दोन वर्षांमागं तुमचाच एक माणूस असंच यंत्र घेऊन आला होता, आणि माझ्या नावापुढं एक शब्द लिहून गेला. तो शब्द खोटा आहे. येत्या मंगळवारी पेडण्याला मामलेदाराकडे माझी तारीख आहे, शेवटची, आणि वकील म्हणतो, तो शब्द राहिला तर घर गेलं. घर म्हणजे हेच, ज्यात तू बसलीयेस. म्हणून म्हणतो, घाई करू नको. तुला उशीर होतोय ते दिसतंय मला, पण मला तुझ्याहून उशीर होतोय.

लिही. पहिलं निळं गेट. नवराबायको, चाळिशीच्या आतबाहेर, गुडगावचे. मुलं नाहीत, कुत्रे दोन. कुत्र्यांना फिरवायला बेळगावकडचा माणूस आहे, राजेश म्हणून — त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण कुत्र्यांची नावं जास्त ठाऊक आहेत, कारण दिवसभर हाका त्यांनाच मारतात. कुत्र्यांच्या खोलीला एसी, राजेशच्या खोलीला पंखा, तोही बसवून घेतला त्यानं स्वतः. बायको सकाळी चटई घेऊन समुद्रावर जाते, चटईवर आडवी होते, आणि उठून घरी येते. योग आहे तो, मला ठाऊक आहे, मी टिंगल करत नाही. दुसरं गेट — बंगळूरचा, पस्तिशीचा, एकटा, दाढी. नोकरी अमेरिकेत, करतो इथून, म्हणून आपण जेवतो तेव्हा तो झोपलेला असतो. एकदा दुपारी गेटावर उभा राहून मला विचारतो, काका, आज वार कुठला? म्हटलं, बुधवार. थँक्यू म्हणाला, अगदी मनापासून. एवढा शिकलेला माणूस, त्याला वार ठाऊक नसतो — हे तुझ्या यंत्रात कुठल्या रकान्यात बसतं ते बघ. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं, बंद. दिल्ली, दिल्ली, हैदराबाद, दिल्ली. मोप्याला विमान उतरायला लागल्यापासून हे शुक्रवारी येतात आणि सोमवारी उडतात, तेही नाताळाच्या आसपास, नाहीतर कुणाचं लग्न असलं की. एक्केचाळिसांतले सव्वीस असेच बंद आहेत गे. पण माणूस नाही म्हणून काम थांबत नाही — माळी येतो, वीजवाला येतो, पुलात पावडर टाकायला माणूस येतो. पूल म्हणजे पोहायचा. आम्ही ज्याला पूल म्हणायचो त्यावरून माणूस पलीकडे जायचा. ह्यांच्या पुलात माणूस तिथल्या तिथं फिरतो आणि शिरला तिथूनच बाहेर येतो. सव्वीस पूल भरलेले, पोहणारं कोण नाही, बेडूकसुद्धा नाही, पावडरीनं मरतात. आणि माझी विहीर, जिच्यावर बारा घरं पाणी भरायची, ती खारी झाली. एवढ्या सगळ्यांनी बोअर मारल्या, गोडं पाणी ओढून घेतलं, मग समुद्र आत येईल नाहीतर काय करील — त्याला जागा रिकामी दिसली, तो आला. दिल्लीवाल्यांसारखाच.

पावडर कोण टाकतं? तो आमचा — गौरेश. माझा मुलगा. हे बंगले बांधले त्या कंपनीत आहे, सगळ्या पुलांवर सुपरवायझर. चांगला आहे पोर. बारावी झालाय, इंग्रजी फाडफाड. नाही, इथं नाही राहत, कंपनीनं गेस्टहाउसच्या वर खोली दिलीय, एसी आहे, तिथं. पण येतो. रविवारी आला होता. ह्या नाही — त्याच्या मागच्या, नाही, त्याच्याही मागच्या. काम असतं त्याला. पुढं लिही.

अकरावं गेट, पांढरं, बोगनवेल आहे बघ, ते. मुंबईची बाई, ऐंशीच्या पुढं, एकटी. मुलगे दोन, दोघंही परदेशी. गळ्यात एक बटण घालते, पडली तर दाबायचं, मग म्हापशाहून गाडी येते. एकदा बागेत पडली, दाबलं बटण, गाडीला पाऊण तास लागला. तोवर मी होतो तिच्याजवळ — कुंपणावरून उडी मारून गेलो, ह्या वयात, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तिनं माझा हात असा धरून ठेवला होता, नखं उठली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं तिकडून फोन करून कुंपण वाढवून घेतलं, कारण माणूस उडी मारून आत येऊ शकतो हे त्याला कॅमेऱ्यात दिसलं. ती बिचारी चांगली आहे, अजून वरच्या खिडकीतून हात हलवते. तुझ्या यंत्रात तिला काय म्हणतात? ज्येष्ठ नागरिक. बरं. मी पंचाहत्तरचा आहे, मला त्या रकान्यात घालतेस? नाही घालत. मला कुठं घातलंय ते सांगतो, थांब.

खातात काय, हा प्रश्न आहे ना? पाव खातात. पण आपला नाही. आपला पोदेर सायकलीवर भोंपू वाजवत यायचा, उंडे, कातरे पाव, गरमगरम. तर असोसिएशननं त्याला भोंपू बंद करायला लावला, सकाळची झोप मोडते म्हणून. आता तो मोबाइलवर निरोप टाकतो, आलो म्हणून. माझा मोबाइल बटणांचा, त्याच्यात निरोप दिसत नाही, म्हणून पाव माझ्या दारावरून जातो आणि मला कळत नाही. आणि त्यांचा पाव वेगळा, पणजीहून डब्यात येतो, आंबवलेला, इतका कडक की बंगळूरवाल्यानं टाकलेला तुकडा कावळ्यानं तीनदा उचलला आणि तीनदा टाकला. शेवंतीचा कोंबडा होता, त्याच्यावरही लेखी तक्रार आली. गावात राहायचं म्हणून एवढ्या लांबून येतात, आणि गावानं आवाज करायचा नाही. कोंबडा मी मुळगावला पोचवला, पिशवीतून, बसनं, कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट लावलं. मग विहीर गेली. मग नळाकडची वाट गेली, कुंपणात. शेवंती दोन कळश्या घेऊन मोठ्या रस्त्यानं फेरा मारून जायची यायची, दिवसाला चारदा, आणि असोसिएशनचा माणूस तिला म्हणाला की आजी, गेटासमोरून जाताना कळशी झाकून घ्या, पाणी सांडतं. गुडघे गेले तिचे. मग तीही कोंबड्यामागून गेली. म्हणते, घराचा कागद हातात पडला की येते, मग कुंपण तोडायला आपल्याला तोंड असेल. तोवर येत नाही. मी इथं दीड वर्ष हातानं भात शिजवून खातोय — काय म्हणालीस? किती माणसं रोज राहतात? मालक म्हणून मोजलीस तर बावीस. कुत्रे तेवीस. राबणारे एकशेचाळीस, कोल्हापूर, बेळगाव, आणखी कुठले कुठले, ते त्या मागच्या पत्र्यांखाली. त्यांना रकाना आहे तुझ्यात? बघ. 'सुविधा'. मागं तुमचा तो माणूस आला होता, अक्षय, त्यानंही हेच सांगितलं होतं.

झालं तुझं. आता माझं. विचार मला, राहण्याचा प्रकार. काय काय आहेत त्यात? वाच. मालक, भाडेकरू, पाहुणा, कर्मचारी. आणि मुंडकार? नाही ना? तुला मुंडकार म्हणजे काय ते ठाऊक आहे, पण तुझा साहेब कुठला पुण्याचा असेल, त्याला लिहून पाठव — भाटकाराच्या भाटात, म्हणजे त्याच्या माडांच्या जमिनीत, त्याच्या संमतीनं घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहतो तो मुंडकार. जमीन भाटकाराची, घर आमचं. माझ्या आजाला इथं आणून बसवलं तेव्हा इथं वाळू आणि निवडुंग होता. अशाचं घर कायद्यानं कुणी काढून घेऊ शकत नाही, नाव लावून घेतलं की झालं. मी लावून घेतलं नाही. का? भाटकारीण प्रभावतीबाई म्हणायच्या, गोकुळदासा, आपल्यात कागद कशाला? मलाही वाटलं, कशाला. बाई वारल्या, नातवांनी भाट कंपनीला विकलं, आणि कंपनीला कागदाशिवाय काही कळत नाही. मग धावलो, केला अर्ज. तर त्यांचा वकील उभा राहून म्हणतो कसा, हा मुंडकार नाहीच, हा पगारावर राखणीला ठेवलेला माणूस, आणि राखणीच्या माणसाला मुंडकार म्हणत नाहीत, कायद्यातच आहे. पुरावा काय? तुमच्या माणसानं भरून कंपनीला दिलेला कागद.

अक्षय. कोल्हापूरकडचा, तिशीचा, शर्ट आत खोचलेला, बोलायला चांगला. तुझ्याच कदेलावर बसला होता, मी इथं, असा. सगळं विचारून झालं, आणि त्याची नजर गेली तिकडे मागं, काजऱ्याच्या झाडाखाली — तू बघ, पण बोट करू नको. तो दगड, ती पणती. आपल्यात त्याच्याकडे बोट करत नाहीत, नाव घेत नाहीत, हे तुला सांगायला नको. हनुवटीनं दाखवायचं आणि 'तो' म्हणायचं. अक्षयनं विचारलं, आजोबा, इथं कोण असतं? मी अशी हनुवटी हलवली, आणि म्हटलं, राखणदार. आता झाड माझ्या खांद्याच्या मागं, ह्या वयात मान वळून वळून किती वळणार? हनुवटी राहिली माझ्याच छातीवर. आपला राखणदार म्हणजे वाड्याची हद्द राखणारा देव, आणि त्याच्या गावाला राखणदार म्हणजे काठी घेतलेला पगारी माणूस. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याबद्दल सांगतोय. मग विचारतो, किती वर्षांपासून? म्हटलं, माझ्या आजाच्या आधीपासून. काम काय? म्हटलं, हद्द राखायची, वाड्यात वाईट काही शिरू द्यायचं नाही. केव्हा? म्हटलं, रात्रभर फिरणं असतं. सुट्टी? म्हटलं, त्याला कसली सुट्टी. मिळतं काय? — असं विचारलं त्यानं, कुणाला मिळतं ते विचारलं नाही. मी सांगितलं, वर्षाला एक रोट, एक बाटली माडाची फेणी, विड्यांचं बंडल, एक कांबळं, आणि वहाणांचा जोड, कारण हद्दीवरून चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात. सगळं लिहिलं बाबानं. मामलेदाराच्या मेजावर तो कागद वाचला तेव्हा मी ह्या कानांनी ऐकलाय — गोकुळदास, वॉचमन, पिढीजात, रात्रपाळी, रजा नाही, पगार भाकरी व मद्य यांच्या रूपाने, गणवेश म्हणून चपला व ब्लँकेट. अख्खी कचेरी हसली. त्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून गेलो होतो.

मामलेदारही हसला. तो आपल्याच तालुक्यातला, त्याला काय राखणदार कोण ते ठाऊक नाही? पण हसून झाल्यावर म्हणाला, आजोबा, मला कळतंय, पण खाली तुमचा अंगठा आहे. आणि अंगठ्याखाली आणखी एक सही आहे, साक्षीदाराची — सगळं वाचलं, समजावून सांगितलं, बरोबर आहे, अशी. तो साक्षीदार आणा. तो उभा राहून म्हणाला की समजण्यात चूक झाली, तर मी हा कागद बाजूला ठेवतो. नाही आणलात तर मी काय करू? म्हणजे बघ, एका माणसाच्या एका वाक्यावर हे घर उभं आहे. आणि तो माणूस कोण ते मला ठाऊक नाही. सही म्हणजे नुसती वळवळ, माझ्या वकिलालाही वाचता आली नाही. मी अंगठा लावला काचेवर, आणि आत गेलो, त्याला शहाळं द्यावं म्हणून कोयता शोधायला. बाहेर येतो तर तो निघालेला, तिथं रस्त्यावर, गाडीच्या आडोशाला कुणाशी तरी बोलत उभा. कोण ते दिसलं नाही, ऊन डोळ्यांवर होतं. कंपनीचा कोण शिपाई असेल, नाहीतर कुठल्या बंगल्याचा ड्रायव्हर.

गौरेशला विचारलं होतं मी. म्हटलं, त्या दिवशी बाहेर कुणाला बघितलंस काय रे? म्हणाला, नाही बाबा, मी कामावर होतो. तो म्हणतो, सोडून द्या आता, कंपनी कारापूरला फ्लॅट देते म्हणते, दोन खोल्या, लिफ्ट आहे, आईचे गुडघे बघा. काळजीनंच म्हणतो ना. मी म्हटलं, मंगळवारी तू ये, तुला इंग्रजी येतं, नुसता माझ्याजवळ उभा राहा. तर म्हणाला, कंपनीविरुद्ध मी कसा उभा राहू, नोकरी जाईल. बरोबर आहे त्याचं. मी त्याला दोष देत नाही, तरण्या माणसाची नोकरी म्हणजे — दोष त्या साक्षीदाराचा. कोण परका माणूस, वाटेवर उभ्या उभ्या, काय लिहिलंय ते न बघता माझ्या घरावर सही ठोकून जातो. त्यानं येऊन माझी माफी मागितली पाहिजे. मला दुसरं काही नको, भांडण नको, केस नको. इथं ह्या सोप्यावर बसून म्हणावं, चुकलो, आणि मंगळवारी माझ्याबरोबर पेडण्याला यावं. तिकीट मी काढतो.

म्हणून तू. तीन महिने वाट बघतोय मी तुमच्यातल्या कुणाची. रोज बसथांब्यावर जाऊन बसायचो, गळ्यात पट्टा आणि हातात यंत्र असलेलं कोण उतरतं काय बघायला. वकील म्हणाला, कागदावर नुसती सही आहे, पण त्यांच्या यंत्रात साक्षीदाराचं नाव आणि फोन असणारच. काढ. नियम? गे बाय, नियमात बसत नाही म्हणतेस — तुला मी एक्केचाळीस घरांची बायकामुलं, कुत्री-मांजरं सांगितली, ती बसली नियमात? त्या म्हातारीचं बटणसुद्धा सांगितलं, सांगायला नको होतं. मी कुणापुढं हात जोडत नाही. भाटकारणीपुढं जोडले नाहीत. हे बघ, जोडले. तुझ्या वयाची नात आहे मला, तिच्यासमोर जोडले असते तर मेलो असतो लाजेनं, पण तुझ्यासमोर जोडतो. बघ नुसतं. कुणाला सांगणार नाही कुठून कळलं ते. घर नंबर घाल, तो दारावर लिहिलाय, खडूनं.

मिळालं? वरचं नको, ते पाठ आहे मला, रोट नि फेणी. खाली जा. अंगठा. तो माझा, दिसतोय, शिरा उमटल्यात. त्याच्या खाली. होय, साक्षीदार. वाच. का थांबलीस? इंग्रजीत आहे तर इंग्रजीत वाच, नाव सगळ्या भाषांत एकच असतं. असं काय बघतेस माझ्याकडे? बरं, नाव राहू दे, नाव सांगायला भीती वाटत असेल तर फोन सांग, मी लावतो इथूनच, मीच बोलतो. हां. नऊ. आठ. दोन. पुढं — थांब.

थांब, पुढचे मी सांगतो. दोनदा सात. मग शून्य. मग पाच, पाच. शेवटी एकतीस. असंच आहे ना? बघून सांग, एखादा आकडा इकडचा तिकडं असेल. नाही? सगळे बरोबर?

मला एकच नंबर पाठ आहे गे. गौरवीचासुद्धा नाही. शेवंतीनं जाताना घोकून घेतला होता माझ्याकडून, ह्या खांबाला टेकून, पाढे म्हणतात तसा. म्हणाली, काही झालं तर ह्याला लावा.

न वाचता केली असेल म्हणतेस? तू चांगली आहेस, म्हणून तसं म्हणतेस. तो न वाचता सही करत नाही. सिमकार्डाचा कागद त्यानं दोनदा वाचला होता आणि तिसऱ्यांदा दुकानदाराला विचारलं होतं. आणि अक्षयला राखणदार ठाऊक नव्हता, अक्षय परगावचा. ह्याला ठाऊक नव्हता? रोट तिथं कोण नेऊन ठेवायचं इतकी वर्षं, नोकरी लागेपर्यंत? वहाणा आणायला म्हापशाच्या बाजारात माझ्याबरोबर कोण यायचं, डाव्या-उजव्याचं माप बघायला? 'चपला व ब्लँकेट' वाचलं असेल त्यानं तिथं, गाडीच्या आडोशाला उभं राहून. वाचून हसलाही असेल. हसला असेल काय? त्या अक्षयला विचारून बघ हवं तर, माझ्यासाठी नको, असंच. आणि किती तारीख आहे त्या सहीची — नको, सांगू नको. सुपरवायझर कधी झाला ते मला ठाऊक आहे, पेढे आणले होते त्यानं. मी खाल्ले होते. असं दिवस मोजत बसणं बापाला शोभत नाही.

तीन महिने मी साक्षीदार शोधतोय, आणि त्यालाच सांगतोय, रे, कुठं दिसला तर सांग.

बंद कर ते यंत्र. पाणी पिऊन घे, उन्हाचं जायचंय तुला. मुळगावात शेवंती भेटली आणि तिनं विचारलं, तर म्हातारा बरा आहे म्हण, मंगळवारची तयारी करतोय म्हण. नाव सांगू नको. ती विचारणार, सांगू नको. साक्षीदार मिळाला एवढं सांग. येतो काय, ते मला ठाऊक नाही, तेही सांगू नको.

काय? आणखी एक रकाना राहिला? शेरा. रहिवाशाला काही म्हणायचं असल्यास. तू आलीस तेव्हा मी त्यात त्या अक्षयचं नाव घालणार होतो, आता त्याला सोड. लिही, ह्या घरात एका माणसानं माफी मागायची राहिली आहे. एवढंच. आणि नाव लिही, तुझ्यासमोरच आहे, बघून लिही. मधलं नाव माझं आहे, ते तरी नीट लिही. मोठ्यानं वाचू नको. जा आता, चारची बस जाईल तुझी — जा म्हणतो ना, मीच म्हणतो ते नाव, मीच ठेवलंय. गौरेश.